घानाचा प्रादेशिक मंत्री आणि नायजेरियाचा गव्हर्नर

पश्चिम आफ्रिकेतली ही दोन पदं वरवर सारखी वाटतात, पण सत्तेचा उगम वेगळा आहे.

घानात २०१९ पासून १६ प्रदेश आहेत. प्रत्येकाचा मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतो, संसदेची आधी मंजुरी घेऊन. १९९२ च्या राज्यघटनेनुसार तो प्रदेशात राष्ट्राध्यक्षाचा प्रतिनिधी असतो आणि तिथल्या प्रशासनात समन्वय ठेवतो. प्रादेशिक समन्वय परिषदेचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. तिथे जिल्हाप्रमुखांसोबत दोन पारंपरिक प्रमुखही बसतात. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण जमिनीचे आणि गादीचे वाद तिथे पेटले की प्रमुखांशिवाय पान हलत नाही. मात्र परिषदेला कायदे करता येत नाहीत, आणि राष्ट्राध्यक्षाची मर्जी फिरली की मंत्र्याचं पद जातं.

नायजेरियात ३६ राज्यं. गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर चार वर्षांसाठी निवडून येतो, जास्तीत जास्त दोनदा. त्याच्या राज्याला स्वतःचं विधिमंडळ, अर्थसंकल्प आणि संघराज्याच्या निधीतला वाटा असतो. पोलीस मात्र केंद्राचे.

जबाबदारी कोणाची हे मतदाराला कळावं, एवढ्यासाठी मी नायजेरियाची पद्धत निवडेन. पण तिथे गव्हर्नरांनी स्थानिक संस्थांचा पैसा इतका दाबून धरला, की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो थेट त्या संस्थांना देण्याचा आदेश द्यावा लागला. घानाच्या मंत्र्याच्या हाती एवढा पैसा मुळात नसतोच.