कॅननची ५० एमएम १.८ आणि मंडईतली माणसं, दोन वर्षं वापरून लिहितोय

दोन वर्षांपूर्वी कॅननची ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम माझ्या २००डी कॅमेऱ्याला लावली ती लावलीच, आता दुसरी लेन्स बॅगेत पण नसते. लग्नाबिग्नाची कामं मी करत नाही, रविवारी सकाळी पुण्यात मंडई, तुळशीबाग, जुना बाजार असं फिरतो आणि अनोळखी माणसांना विचारून त्यांचे पोर्ट्रेट काढतो. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या कामापुरताच आहे.

आधी माझ्याकडे ५५-२५० ची झूम लेन्स होती. रस्त्याच्या या बाजूला उभं राहून पलीकडच्या माणसाचा चेहरा ओढून घ्यायचो, फोटो शार्प यायचे पण घरी येऊन बघितलं की सगळे तिसरीकडेच बघतायत, आणि चोरून काढल्यासारखं वाटायचं कारण चोरूनच काढलेले असायचे. ५० ला झूमच नाही, त्यामुळे ती सोयच नाहीये. २००डी चा सेन्सर क्रॉप म्हणजे लहान असल्यामुळे ही फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ८० एमएम एवढी जवळ दिसते, कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंत माणूस घ्यायचा तर पाचेक फुटांवर उभं राहावं लागतं. पाच फूट म्हणजे आपण भाजीचा भाव विचारतो तेवढंच अंतर. तिथे गेल्यावर न बोलता कॅमेरा डोळ्याला लावताच येत नाही, बोलावंच लागतं, आणि मी ही लेन्स सगळ्यात जास्त यासाठीच मानतो, मागचा ब्लर वगैरे नंतर.

मंडईत लिंबं-मिरच्या घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत. म्हटलं, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" तर म्हणाल्या, "कशाला रे, पेपरात देणार का?" "नाही, माझ्याकडेच ठेवणार, आणि एक तुम्हाला आणून देणार." "थांब मग," म्हणाल्या आणि आधी डोक्यावरचा पदर नीट केला, मग समोरची लिंबाची रास नीट केली. रास लावत होत्या तेव्हा एक काढला आणि हात पुसून वर बघितलं तेव्हा दुसरा, त्या दुसऱ्यात त्या थेट माझ्याशी बोलतायत असं वाटतं. असा फोटो मला २५० वर एकदाही मिळाला नव्हता.

आता प्रकाशाचं. मंडईच्या आत सकाळी पण अंधारच असतो, बाजूने उजेड येतो तेवढाच. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ वर नेली की ५.६ च्या खाली उघडत नाही (हा एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), ही १.८ ला उघडते म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत येतो, जिथे किट लेन्सला १/२० सेकंदाचं शटर मिळायचं तिथे हिला त्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता तीच ठेवून, १/२०० मिळतं. माणूस बोलताना मान हलवतो, हात हलवतो, १/२० ला तो हलणारच. लेन्समध्ये हाताचा हलका थरथराट सांभाळणारं स्टॅबिलायझेशन नाहीये पण चेहऱ्यांसाठी मला त्याची कमी वाटली नाही, कारण त्याने आपला हात सांभाळला जातो, समोरच्याची मान नाही.

पण म्हणून सारखं १.८ वर ठेवू नका. पाच फुटांवर १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच शार्प येते, माणसाने मान जराशी वळवली की एक डोळा शार्प आणि कान गेलेला, आणि दाढीमिशीवाल्या आजोबांचा फोटो असेल तर ती दाढीच वाया जाते. मी २.८ वर ठेवतो, साडेनऊ-दहा सेंटिमीटर मिळतात. फोकस पॉइंट स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, कॅमेऱ्यावर सोडलं तर तो नाकावर जातो.

२०१५ ला आलेलं हे मॉडेल आहे, त्याच्या आधीच्या १९९० वाल्याचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला बसणारी मागची कडी, प्लॅस्टिकचं होतं, याचं मेटलचं आहे. वजन १६० ग्रॅम, म्हणून समोरचा माणूस बिचकत नाही, मोठी पांढरी लेन्स बघितली की लोकांना प्रेसवाले आले वाटतं. तुळशीबागेच्या गल्लीत मात्र अडचण होते, गर्दीत पाच फूट मागे सरकायला जागाच नसते, तिथे ३५ किंवा २४ एमएमची लेन्स बरी पडेल.

लोक नाही पण म्हणतात. जुन्या बाजारात एका कुलूपवाल्या काकांनी हातानेच नको म्हटलं, मी कॅमेरा खाली केला आणि एक जुनं पितळी कुलूप बघत बसलो, अर्धा तास गप्पा झाल्या, फोटो नाहीच झाला आणि परत विचारला पण नाही. लहान मुलं असतील तर आधी आईबापांना विचारा, पोरगं स्वतः कितीही पोज देत असू दे.

सेकंडहँड घेणार असाल तर एक सांगतो. मी पहिली एका दुकानातून जुनी घेतली होती, बाहेरून नवीकोरी, घरी आणून मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर आत बुरशीचे धागे. परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, पैसे गेले. टॉर्च दुकानातच मारून बघा. आणि पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) आर सिरीजचा कॅमेरा असेल तर २०२० ला आलेली आरएफ ५० एमएम १.८ घ्या, ती थेट बसते, या ईएफसारखा मधला जोड म्हणजे अडॅप्टर लागणार नाही. आणि लेन्सच्या बजेटमध्येच प्रिंटचे पैसे धरा. मावशींचा फोटो मी फोर बाय सिक्स इंचाच्या मॅट कागदावर प्रिंट करून दिला, त्यांनी तो वजनकाट्यामागे खोचून ठेवलाय आणि आता अजून एक मागितलाय, गावाला लेकीकडे पाठवायचा आहे म्हणून, तो या रविवारी द्यायचाय.