सैफुल ते नवी पेठ : शेअर रिक्षाचा रोजचा प्रवास

गेली चार वर्षे मी नोकरीसाठी विजापूर रोडवरच्या सैफुलपासून नवी पेठेपर्यंत रोज शेअर रिक्षाने ये-जा करते. माझ्या वेळेला सोयीची बस मिळत नसल्यामुळे सोलापुरात माझी सारी भिस्त याच सेवेवर आहे, म्हणूनच तिच्याविषयी मनापासून लिहीत आहे.

सर्वांत मोठा त्रास रिक्षा सुटण्याच्या वेळेचा आहे. मागे तिघे बसले तरी रिक्षा हलत नाही, कारण चालकाची कमाई खेपेत भरलेल्या सीटांवर ठरते आणि रिकामी राहिलेली प्रत्येक सीट त्याला तोट्याची वाटते. "एकच सीट, सात रस्ता, सात रस्ता" ही वाटेतल्या सात रस्ता चौकाची हाक कधी कधी पंधरा मिनिटे चालते आणि तेवढ्यात माझी ऑफिसची वेळ टळून जाते. मग "सरका की जरा, मावशी" असे म्हणत चौथा प्रवासी मागे कोंबला जातो आणि पाचव्याला चालकाशेजारी जागा मिळते. परवाना तीनच प्रवाशांचा असतो, हे चालकालाही ठाऊक असते आणि आम्हालाही.

पुढे बसलेल्या माणसाकडे मी रोज पाहते. त्याचा एक पाय रिक्षाबाहेर असतो, हात चालकाच्या पाठीमागच्या दांडीला घट्ट धरलेला असतो आणि वळण आले की हँडल त्याच्या गुडघ्याला लागते. त्यामुळे चालक आधी "पाय घ्या" म्हणतो आणि मगच वळतो. चालकाच्या नियंत्रणाला अडथळा होईल अशा रीतीने कोणालाही बसू देण्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 125 नुसार मनाई आहे. ती का आहे, हे त्या एका वळणावर कळते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या रेक्झिनच्या सीटवर चौघांनी खांद्याला खांदा लावून बसणे असह्य होते. बायका मांडीवरची पर्स उचलून शेजारच्या पुरुषाच्या आणि आपल्या मध्ये धरतात. मीही तेच करते.

भाड्याचा फलक कुठेही नाही. त्याच अंतराला सकाळी एक दर आणि रात्री आठनंतर पाच रुपये जास्त, असे अनेकदा झाले आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे वाहतूक वळवली जाते, तेव्हा पुढचा रस्ता पायी चालावा लागतो. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

चालकांविषयी मला आदर आहे. एकदा रिक्षात विसरलेला माझा जेवणाचा डबा दुसऱ्या दिवशी धुऊन परत मिळाला, आणि रात्री उशीर झाला तर ओळखीचे चालक मी गल्लीत शिरेपर्यंत दिवा चालू ठेवून थांबतात. अशा माणसांना चौथ्या सीटसाठी हाका मारत उभे राहावे लागू नये. सैफुलच्या थांब्यावर तीन सीटांचे परवडेल असे भाडे ठरवून त्याचा फलक लावला, तर ते थोडे जास्त असले तरी मी आनंदाने देईन.

गेल्या महिन्यापासून ऑफिसातल्या आम्ही तिघी सकाळी एकत्र निघतो, चौथ्या सीटचे पैसे आपसांत वाटून देतो आणि रिक्षा लगेच सुटते.