गिअर इंडिकेटर: हिशेबी घ्यावा की सेन्सरवरचा?

मीटरवर गिअरचा आकडा नसलेली मोटरसायकल असली की हायवेवर एक खोड लागते. गाडी टॉपलाच असते, तरी अजून एक गिअर शिल्लक असेल म्हणून पाय चालतोच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री हसतात, "आवाजावर कळत न्हाई व्हय? कशाला पैसे घालताय?" त्यांना कळतं. माझ्या हेल्मेटात वारा घुमायला लागला की मला कळत नाही. तुमचंही तसंच असेल तर पुढचं वाचा.

बाहेरून बसवायच्या इंडिकेटरच्या मुख्य जाती दोन. हिशेबी इंडिकेटर इंजिनचे फेरे आणि चाकाचा वेग यांचं प्रमाण काढतो. ते प्रत्येक गिअरला ठरलेलं असतं, त्यावरून आकडा दाखवतो. दुसरा थेट गिअर पोझिशन सेन्सरची वायर वाचतो. गिअर बदलताना इंजिनातला शिफ्ट ड्रम (गिअर सरकवणारा दंडगोल) फिरला की सेन्सरचं व्होल्टेज बदलतं, आणि आकडाही.

मी दोन्ही वापरले. आधीच्या गाडीवर हिशेबी होता, आताच्या गाडीवर सेन्सरचा आहे.

हिशेबीची बाजू आधी मांडतो. तो बहुतेक गाड्यांवर चालतो, स्वस्तात मिळतो आणि गाडी विकली तर काढून दुसरीला लावता येतो. सुरुवातीला त्याला शिकवावं लागतं, म्हणजे एकेका गिअरला गाडी थोडा वेळ एका लयीत चालवायची. शियेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी लवकर गेलात तर हे काम निवांत होतं. पुढे स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात कमी-जास्त केले तर शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

माझं बिनसलं ते क्लचवर. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल पडतो, आपण क्लच दाबून पटापट गिअर पाडत थांबतो. आता गाडी सेकंडला की फर्स्टला? बघावं तर स्क्रीनवर नुसती आडवी रेघ. बिचाऱ्याचा दोष नाही. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, आणि चाकच थांबल्यावर हिशेब कशाचा मांडणार? गगनबावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे वेग पडला, दोन गिअर खाली टाकले, तरी क्लच सोडून गाडीने ओढ धरेपर्यंत आकडा येत नाही. स्टॉप मागे पडल्यावर "उतरा" म्हणणाऱ्या कंडक्टरची आठवण यायची. सरळ हायवेवर मात्र त्याने कधी तक्रारीला जागा दिली नाही, हे सांगायला हवं. रोज पुणे-बंगळूर महामार्गावरच चालवणाऱ्याला कदाचित हे जाणवणारही नाही.

सेन्सरवाला क्लच दाबलेला असतानाही बोलतो. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तरी गाडी कुठल्या गिअरला उभी आहे ते दिसतं. मला तेवढंच हवं होतं.

पण त्याची बसवणी नाजूक. सेन्सर सगळ्याच गाड्यांना नसतो. नुसता न्यूट्रलचा स्विच असेल तर उपयोग नाही, म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा. असला तर त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) बहुधा पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपास असतो, चेन ल्यूब आणि चिखलाच्या काळ्या थरात लपलेला. तो पुसूनच उघडावा. गाडीच्या मॉडेलचाच जोड-कपलर मिळाला तर वायर कापायची वेळ येत नाही. वायरीवर दाबून जोड देणारे निळे क्लिप मी तरी लावून घेतले नसते. आपल्याकडच्या पावसात, त्यातून पन्हाळा-गगनबावड्याला वरचेवर जाणाऱ्याच्या गाडीत, तांब्यावर हिरवट गंज धरायला एक पावसाळा पुरतो. सेन्सरची हीच वायर ईसीयूकडेही (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जात असते. जोड ढिला पडला तर इंडिकेटर राहील बाजूला, चेक इंजिनचा दिवा लागेल. वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूमला आधी विचारलेलं बरं.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर बहुतेक वेळा हिशेबीच घ्यावा लागेल. तिथंही स्पीडोमीटर केबलवर चालणारा असेल तर चाकाजवळ लोहचुंबक आणि वेगळा सेन्सर लागतो. इंजेक्शनच्या गाडीला गिअर सेन्सर असेल आणि तुमचं फिरणं गावातलं आणि घाटातलं असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी सेन्सरवाल्याकडेच वळेन.

कुठलाही घ्या, वीज चावीनंतरच्या वायरवरून घ्यायला सांगा, थेट बॅटरीवरून नको. चावी बंद केल्यावर आकडा विझतो का, ते दुकानातून निघण्याआधीच बघा.