क्लेटनचा रस्ता की मार्टिनचा? ट्रान्सफर घेण्याआधी गार्डने किती थांबावं

2025 मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 हरवून एनसीएए, म्हणजे अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा, जिंकली. त्या टीमचे तीन मेन गार्ड (बॉल हाताळणारे, बास्केटपासून लांब खेळणारे) दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर घेऊन आलेले. वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. रिचर्डने बेलमाँटमधून एकाच सीझननंतर गाशा गुंडाळला म्हणून त्याला बाजूला ठेवू. छोट्या कॉलेजात आधी भरपूर खेळून मग वर जायचं असा ज्याचा प्लॅन आहे त्याने बाकीच्या दोघांकडे बघावं, कारण एक जण दोन वर्षांत निघाला आणि दुसरा चार वर्षं एकाच ठिकाणी टिकला.

क्लेटन फ्लोरिडातल्या लेक वेल्सचा, हायस्कूलला अमेरिकन फुटबॉलमध्येही इतका भारी की मोठमोठ्या कॉलेजेसच्या ऑफर फुटबॉलसाठी येत होत्या, पण याला बास्केटबॉलच खेळायचं होतं म्हणून गेला न्यूयॉर्कजवळच्या आयोनात, कोच रिक पिटिनोच्या हाताखाली. पहिल्या वर्षी मॅचला 7.3 पॉइंट्सचा अॅव्हरेज, म्हणजे ठीकठाक. दुसऱ्या वर्षी थेट 16.8, थ्री-पॉइंट 43 टक्के आणि लीगचा प्लेयर ऑफ द इयर. आता कुणीही म्हणेल की छोट्या लीगमधले पॉइंट्स आहेत, त्यात काय एवढं, आणि ते बरोबरच आहे, पण मी बघतो ते त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट. 95.3 टक्के, त्या सीझनला अख्ख्या देशात पहिला. फ्री थ्रोला समोर डिफेंडर नसतो, त्यामुळे लीग लहान की मोठी याने काही फरक पडत नाही, हात सेट आहे की नाही तेवढंच कळतं. त्याचा सेट होता.

मार्टिनचं उलटं. मिसिसिपीचा पोरगा, 2020 ला फ्लोरिडा अटलांटिकला गेला तेव्हा तिथे बास्केटबॉल कुणी बघत नव्हतं. अॅव्हरेज कधी डोळ्यात भरणारा नाही, शेवटच्या दोन सीझनला 13 च्या आसपास, कारण बाजूला दुसरा गार्ड जॉनेल डेव्हिस होता आणि बॉल वाटून खेळायचा. पण 2023 ला 35 विजय, 4 पराभव आणि फायनल फोर, म्हणजे एनसीएएची सेमीफायनल! सॅन डिएगो स्टेटविरुद्ध याचे 26 पॉइंट्स, सेकंड हाफला टीम 14 ने पुढे, आणि शेवटी त्यांच्या लॅमाँट बटलरने वेळ संपता संपता शॉट टाकून 72-71 ने घरी पाठवलं. त्यात सहा फूट दोन इंचाचा गार्ड असून मॅचला पाचच्या वर रिबाऊंड (चुकलेला शॉट पकडणं). आकडे कमी, पण मोठ्या टीमसमोर टिकतो का हा प्रश्न फ्लोरिडाला विचारावाच लागला नसेल.

दोघांच्या बाबतीत कोच आधी गेला, ते मात्र सेम. पिटिनो 2023 ला सेंट जॉन्सला गेला, क्लेटन त्याच्या मागे न जाता घराजवळ फ्लोरिडाला आला. 2024 ला फ्लोरिडा अटलांटिकचा कोच डस्टी मे मिशिगनला गेला आणि ती अख्खी टीमच फुटली, डेव्हिस आर्कन्सोला, सेंटर गोल्डिन कोचसोबत मिशिगनला, मार्टिन फ्लोरिडाला. म्हणून कॉलेज फक्त कोचकडे बघून निवडू नका.

माझं मत विचाराल तर शूटिंग हे तुमचं हत्यार असेल आणि टीममध्ये बॉल तुमच्याच हातात असेल तर क्लेटनसारखं दोन वर्षांत निघा, थांबून आकडे फार वाढत नाहीत. डिफेन्स आणि रिबाऊंडवर पोट भरत असेल तर जिंकणाऱ्या टीमला चिकटून राहा, कारण असला गेम स्टॅटशीटवर नीट दिसत नाही, मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेतच दिसतो. फक्त मार्टिनचा हिशोब जसाच्या तसा कॉपी करू नका. त्याला चार वर्षांनंतर पाचवा सीझन मिळाला तो कोविडमुळे, 2020-21 चा सीझन एनसीएएने मोजलाच नव्हता, आणि ती सवलत आता नवीन पोरांना नाही. त्यामुळे थांबायचंच असेल तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तरी निर्णय घ्या.