मॅक, विंडोज की लिनक्स : संकलनासाठी संगणक घेण्यापूर्वी

लग्नसमारंभाची चित्रफीत, छोटा माहितीपट किंवा यूट्यूबवरील मालिका अशी कामे एकट्याने अथवा दोघातिघांनी करणाऱ्या संकलकाला नवा संगणक घ्यायचा असतो, तेव्हा तो सर्वप्रथम ‘मॅक घेऊ की विंडोज?’ असे विचारतो. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आपला कॅमेरा नेमकी कोणत्या प्रकारची फाइल देतो आणि आपले काम झाल्यावर तो प्रकल्प कोणाच्या हाती जाणार आहे, हे आधी लिहून काढले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

हे मला पैसे मोजून कळले. २०२२ साली मी एका दुकानदाराच्या सल्ल्याने विंडोजचा डेस्कटॉप जुळवून घेतला आणि त्यातले निम्म्याहून अधिक पैसे ग्राफिक्स कार्डावर घातले. पहिल्याच लग्नाचे फुटेज टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप जोडण्याच्या पट्टीवर, ठेवले आणि चित्र अडखळू लागले. हार घालणाऱ्या वधूचे हात मध्येच थांबत आणि पुढच्या क्षणी हार वराच्या गळ्यात दिसे. तेच फुटेज भाच्याच्या साध्या लॅपटॉपवर सुरळीत चालले, आणि त्या लॅपटॉपची किंमत माझ्या एकट्या ग्राफिक्स कार्डाहून कमी होती. दुकानदाराने खेळांसाठी उत्तम असलेले यंत्र मला दिले होते. माझ्या कॅमेऱ्याची फाइल कोणती, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

कारण असे की, एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींनी आकार कमी केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्णपणे साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले याची नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर आपण मध्येच कुठेतरी थांबलो, की ते एक चित्र उभे करण्यासाठी संगणकाला मागच्यापुढच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. या कामासाठी चिपवर एक स्वतंत्र विभाग असतो, ज्याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. मात्र तो सगळ्याच फाइली उलगडू शकत नाही. मोबाइल आणि साधे कॅमेरे रंगांची माहिती ४:२:० या पद्धतीने, म्हणजे चार पिक्सेलमागे एकदा, साठवतात. ही पद्धत अलीकडचे बहुतेक सर्व संगणक सहज हाताळतात. त्याहून वरच्या दर्जाचे कॅमेरे ४:२:२ आणि १० बिट असे चित्रण करतात. त्यात दोन पिक्सेलमागे एकदा रंगाची नोंद होते आणि प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा मिळतात. कलर ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळवणी, करणाऱ्याला हेच हवे असते, आणि अडचणही इथेच सुरू होते.

अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या एम१ चिपपासून पुढचे सर्व मॅक एच.२६५ मधील ४:२:२, १० बिट फुटेज हार्डवेअरवर उलगडतात. विंडोजच्या बाजूला मात्र आत कोणते भाग आहेत यावर उत्तर अवलंबून असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स हे काम करते. मात्र ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यात हे अंगभूत ग्राफिक्सच नसते, आणि थोडे स्वस्त पडते म्हणून दुकानात अनेकदा तोच पुढे केला जातो. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही सोय २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत प्रथम मिळाली. त्याआधीचे महागडे कार्डही या एका बाबतीत उपयोगाचे नाही. तुमचा कॅमेरा ४:२:२ फुटेज एच.२६४ मध्ये देत असेल, तर इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये वर सांगितलेला मार्गही बंद होतो आणि आरटीएक्स ५० मालिकेचे कार्ड नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. अशा वेळी कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी फाइली तयार करून त्यांवर काम करणे हा जुना आणि विश्वासार्ह उपाय आहे. त्यासाठी लागणारा वेळ आणि जागा मात्र हिशेबात धरावी लागते.

जागेचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्रित केलेला एक तास सुमारे ४५ जीबी होतो. तेच चित्रण फोर-के आकारात, २५ फ्रेमच्या दराने, प्रोरेस ४२२ या संकलनाला हलक्या पण आकाराने मोठ्या फाइलप्रकारात रूपांतरित केले, तर तासाला साधारण २२० जीबी लागतात. मॅक मिनी एम४ भारतात २०२४ साली ५९,९०० रुपयांना आला. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण मिळत होती, म्हणजे असे एक तासाचे फुटेज ठेवले की डिस्क जवळजवळ भरली. ५१२ जीबीसाठी आणखी २०,००० रुपये मोजावे लागत होते. ही वाढ अॅपलला देण्याऐवजी वेगवान बाह्य एसएसडी घेणे शहाणपणाचे ठरते. मेमरीच्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही, कारण ती चिपबरोबरच बसवलेली असते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघेही ती वाटून घेतात. जी घ्यायची ती खरेदीच्या दिवशीच घ्यावी लागते.

विंडोजच्या डेस्कटॉपचे खरे सामर्थ्य नेमके इथे आहे. आज १६ जीबी मेमरी घालून सुरुवात करावी, दोन हंगामांनी ती दुप्पट करावी, चौथ्या वर्षी फक्त कार्ड बदलावे, असे टप्प्याटप्प्याने करता येते. मुंबईत ज्या रस्त्याला पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि तोंडाने सगळे जण लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तिथे सुटा भाग त्याच दिवशी मिळतो. तालुक्याच्या गावातही एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलून देणारा कोणीतरी असतोच. मॅकचा मदरबोर्ड गेला, तर मात्र यंत्र मोठ्या शहरातल्या सेवा केंद्रात पाठवून वाट पाहावी लागते. ज्याच्याकडे एकच संगणक आहे आणि तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम तोंडावर आहे, त्याने हा मुद्दा किमतीहून वरचा मानावा.

विजेचा विचार केला, तर पारडे उलट्या बाजूला झुकते. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप चांगल्या यूपीएसशिवाय चालवणे म्हणजे अर्धे काम देवावर सोडणे होय. शक्तिशाली ग्राफिक्स असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीवर आले की बरेच मंदावतात. मॅकबुकचा वेग मात्र प्लग काढल्यावरही जवळजवळ तोच राहतो. मॅकबुक एअरमध्ये पंखा नसल्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात लांबलचक एक्स्पोर्ट लावल्यावर तो तापून संथ होतो. त्यामुळे रोजच्या व्यावसायिक कामासाठी प्रो किंवा मिनी घ्यावा.

सॉफ्टवेअरचे गणित तुलनेने सोपे आहे. फायनल कट प्रो फक्त मॅकवर चालते आणि एकदाच पैसे भरून घेता येते. प्रीमियर प्रो मॅक व विंडोज दोन्हींवर चालते, पण त्याचे भाडे सतत भरावे लागते. डाविंची रिझॉल्व्ह तिन्ही प्रणालींवर चालते आणि त्याची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतच्या कामाला पुरेशी आहे. फायनल कट हे अतिशय चपळ साधन आहे, परंतु २०११ साली त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा आधीच्या आवृत्तीतले प्रकल्प तिच्यात उघडत नव्हते, हे जुने संकलक विसरलेले नाहीत. शिवाय ध्वनीचे काम बाहेरच्या, प्रो टूल्स या ध्वनीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या स्टुडिओत होणार असेल, तर टाइमलाइनवरचा ध्वनी तिकडे नेण्यासाठी त्यांना लागणारी एएएफ फाइल फायनल कट स्वतःहून देत नाही. त्यासाठी वेगळे साधन विकत घ्यावे लागते. प्रीमियर आणि रिझॉल्व्हमध्ये ती सोय अंगभूत आहे. हार्ड डिस्क दोन्ही बाजूंना फिरणार असेल, तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी, कारण विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅटची डिस्क मात्र नीट ‘इजेक्ट’ न करता ओढून काढू नये, कारण तिच्यातली माहिती बिघडण्याचा धोका अधिक असतो.

लिनक्सबद्दल थोडक्यात सांगतो. प्रणाली मोफत आहे, रिझॉल्व्हही मोफत आहे, म्हणून अनेकांना मोह होतो. परंतु लिनक्सवरील रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ फाइली उघडत नाही, म्हणजे मोबाइल आणि बहुतेक कॅमेऱ्यांचे फुटेज आधी रूपांतरित करून घ्यावे लागते. केडेनलाइव्ह या मुक्त सॉफ्टवेअरला ही अडचण येत नाही, आणि साध्या कामासाठी ते चांगले आहे. ज्याला टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची, सवय आहे त्याने लिनक्स जरूर वापरावे. ग्राहक दाराशी उभा असताना ते शिकायला मात्र घेऊ नये.

मराठीत शीर्षके लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक छापखान्यांत आणि जुन्या स्टुडिओंत अजूनही श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधले, युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट वापरले जातात. तिथून आलेली नावांची यादी युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवली की अक्षरांचा निव्वळ काला होतो. अशी देवाणघेवाण रोजची असेल, तर विंडोज सोयीचे पडते. नव्या कामासाठी मुक्ता किंवा बालू हे मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मोफत फॉन्ट तिन्ही प्रणालींवर चालतात. तरीही सॉफ्टवेअरनुसार जोडाक्षरे तुटू शकतात. प्रीमियरमध्ये त्यासाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो.

जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ न चालणारा संगणक स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी २०२५ ची टाहो हीच शेवटची मॅकओएस आवृत्ती असल्याचे अॅपलने जाहीर केले आहे, तेव्हा चकचकीत दिसणाऱ्या जुन्या इंटेल मॅकच्या वाटेला न गेलेले बरे.

माझ्यापुरते म्हणाल, तर ४:२:२ एच.२६५ चित्रण करणाऱ्या आणि ध्वनीसह सगळे काम स्वतःच संपवणाऱ्या एकट्या संकलकाला मी मॅक मिनी आणि बाह्य एसएसडी सुचवीन. प्रीमियरवर काम करणाऱ्या मोठ्या स्टुडिओशी रोज प्रकल्पांची देवघेव करणाऱ्याला, किंवा पैसे टप्प्याटप्प्याने घालू शकणाऱ्याला, ‘एफ’ नसलेल्या इंटेल प्रोसेसरचा विंडोज डेस्कटॉप सुचवीन. दोघांनीही दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याचे मूळ फुटेज असलेले कार्ड खिशात ठेवावे. टाइमलाइनवर दोन क्लिप एकावर एक ठेवून मध्ये मध्ये थांबून पाहावे, आणि शीर्षकात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’ आणि ‘वाङ्मय’ हे चार शब्द टाइप करून ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे नीट जुळतात का ते बघावे. दुकानदार कंटाळेल. त्याला चहा सांगावा आणि पाचव्यांदा प्ले दाबावे.