टेम्पोरल: हापूसचे दोन हंगाम वापरून झाल्यावर

परळच्या छोट्या ऑफिसात आम्ही तिघं देवगडच्या एका बागायतदारांचं हापूस बुकिंग सांभाळतो. ऑर्डर फेब्रुवारीत येते, पेटी एप्रिल-मेमध्ये घरी पोचते. मध्ये आगाऊ रक्कम, बदललेला पत्ता, गाडी सुटल्याचा निरोप, दादरला पेट्या उतरणं, उरलेले पैसे. बाहेर काहीतरी घडतं तेव्हाच ऑर्डर पुढे सरकते.

आधी एक टेबल, त्यात स्टेटसचा कॉलम आणि दर पाच मिनिटांनी धावणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) होता. एका रात्री पैसे जमा झाले आणि बागेत निरोप जायच्या आत सर्व्हर रीस्टार्ट झाला. सकाळी बागायतदार काकांचा फोन आला, "ताई, माझ्या यादीत या बाईंचं नाव नाही, आणि त्या म्हणतात पैसे कधीच भरलेत." असे अकरा जण निघाले. सगळ्यांना मी स्वतः फोन केले. त्याच आठवड्यात टेम्पोरल बघायला घेतलं: लांबलचक कामं मधे काही बंद पडलं तरी पूर्ण करणारं सॉफ्टवेअर.

यात ऑर्डरचा सगळा प्रवास पायथनच्या एका साध्या फंक्शनमध्ये ओळीखाली ओळ लिहिता येतो: पैशांची वाट बघ, बागेत कळव, १५ एप्रिलपर्यंत झोप. ही झोप खरोखर दोन महिन्यांची असते, कारण टायमर टेम्पोरलचा सर्व्हर सांभाळतो. पहिल्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर ऑर्डर सुरू केली, दुसरी पायरी झाल्यावर वर्कर (आमचा कोड चालवणारा प्रोग्राम) मारून टाकला, चहा पिऊन आले आणि पुन्हा चालू केला. ८२३३ पोर्टवरच्या टेम्पोरलच्या स्क्रीनवर हिस्टरी (झालेल्या पायऱ्यांची नोंद) उघडून बघितली. झालेल्या दोन्ही पायऱ्या पुन्हा चालल्या नव्हत्या, तिसरी सुरू झाली होती. वर्कर फंक्शन पहिल्या ओळीपासूनच चालवतो, पण झालेल्या कामांची उत्तरं हिस्टरीतून उचलतो. ते बघितलं आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

बाहेरच्या घटना सिग्नल म्हणून, म्हणजे चालू ऑर्डरला पाठवलेले निरोप म्हणून, येतात. वर्कफ्लोचा (म्हणजे एका ऑर्डरच्या चालू फंक्शनचा) आयडी म्हणून आम्ही ऑर्डर नंबरच वापरतो. एका आयडीचे दोन वर्कफ्लो एका वेळी चालू राहू शकत नाहीत, त्यामुळे पेमेंटचा निरोप दोनदा आला तरी पेटी एकच निघते.

आता सांभाळायच्या गोष्टी. वर्कर कामाच्या मधेच मेला, तर तीच ॲक्टिव्हिटी (पैसे कापणं, मेसेज पाठवणं असं बाहेरचं काम करणारी पायरी) पुन्हा चालू शकते. म्हणून पैसे कापताना ऑर्डर नंबर सोबत पाठवा, म्हणजे समोरच्याला दुहेरी विनंती ओळखता येईल. रीट्राय, म्हणजे फसलेलं काम पुन्हा करून बघणं, मुळात अमर्याद आहे: दोन प्रयत्नांमधलं अंतर एका सेकंदापासून दुप्पट होत होत शंभर सेकंदांपर्यंत. चुकीच्या मोबाईल नंबरवर आमचा मेसेज रात्रभर धडका मारत होता. अशा चुका रीट्राय करू नयेत, हे कोडमध्ये स्पष्ट सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रिप्लेच्या नियमाने: फंक्शन पुन्हा पहिल्या ओळीपासून चालताना कोड जुन्या हिस्टरीशी जुळलाच पाहिजे. ऐन हंगामात मी पैसे आणि बागेचा निरोप यांच्यामध्ये एसएमएसची नवी पायरी घातली. जुन्या ऑर्डरींची हिस्टरी नव्या कोडशी जुळेना, चाळीसेक ऑर्डरी जागच्या जागी थांबल्या. पण एकही मेली नाही. जुना कोड परत चढवला आणि त्या आपोआप चालू लागल्या. आता प्रत्येक बदल पॅच करूनच (जुन्या ऑर्डरींना जुनी वाट, नव्यांना नवी) घालते, आणि डिप्लॉयआधी जुन्या हिस्टऱ्या नव्या कोडवर चालवून बघते.

एका वर्कफ्लोच्या हिस्टरीला ५१,२०० घटनांची मर्यादा आहे. आमची ऑर्डर पन्नासच्या आत संपते. वर्षानुवर्षं फिरत राहणारं चक्र असेल तर मधे मधे नव्याने सुरू करायची सोय आहे, ती वापरा. पेटीचे फोटो आम्ही हिस्टरीत घालत नाही, फक्त त्यांची लिंक ठेवतो.

टेम्पोरलचा सर्व्हर एमआयटी परवान्याखाली खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही मोफत वापरता येतो. आम्ही तो पोस्टग्रेस डेटाबेसवर स्वतःच चालवतो. त्याची देखभाल हे वेगळं काम आहे, आमच्यातला एकजण त्यासाठी आठवड्याला अर्धा दिवस देतो. रोज रात्रीचा हिशेबाचा मेल एकाच पायरीचा आहे, तो अजून क्रॉनवरच चालतो आणि तिथेच राहील.