कुंडी आषाढ बघून घ्या: कोल्हापूरच्या गच्चीसाठी माती, प्लास्टिक, ग्रो बॅग आणि वाफा

गच्चीवर भाजीपाला करायचा म्हटलं की माणूस आधी रोपवाटिकेत जातो, मिरची-वांग्याची रोपं घेऊन येतो, आणि ती लावायची कशात याचा विचार जिना चढताना सुरू होतो. पैसा मात्र जातो तो भांड्यात आणि मातीत. रोप मेलं तर थोडक्यात निभावतं. नको त्या वीस कुंड्या घेतल्या तर त्या पुढची पाच वर्षं गच्ची अडवून बसतात.

कोल्हापुरात या निवडीला एक खास पेच आहे. इथं एकाच कुंडीला दोन अगदी उलटी हवामानं काढायची असतात. एप्रिल-मेमध्ये पारा सदतीस-अडतीसवर असतो, अधूनमधून चाळिशीला टेकतो. दिवस मावळला तरी स्लॅब अनवाणी पायाला जाणवतो. मध्येच एखाद्या संध्याकाळी वळीव येऊन सगळं उलथंपालथं करून जातो. मग मृग लागतो, आणि पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात, सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शहराचा वर्षाचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. गगनबावड्याकडच्या पावसापुढे हे काहीच नाही, पण बारा इंची कुंडी बुडवायला पुरेसं आहे.

माझं मत असं की कुंडी मे महिना बघून घेऊ नये, आषाढ बघून घ्यावी. उन्हाळ्यात आपल्याला काहीतरी करता येतं: पाणी वाढवा, शेडनेट बांधा, कुंडीत उसाचं पाचट पसरा. पावसाचा नळ बंद करता येत नाही. म्हणून खालची सगळी तुलना याच क्रमाने केली आहे: आधी जुलैत काय होतं, मग मेमध्ये, आणि मग वजन, टिकाऊपणा, पैसे.

मातीची कुंडी की प्लास्टिकची

भाजलेल्या मातीच्या कुंडीची भिंत सच्छिद्र असते. जुलैत हवाच दमट असल्यामुळे तिच्यातून ओल फारशी उडत नाही, पण मुळांपर्यंत हवा पोचत राहते, आणि मूळकूज टाळायला तेवढं पुष्कळ असतं. बाहेरून हिरवं शेवाळ धरतं, पांढरे क्षार फुलतात. दोन्हींनी झाडाला काही होत नाही. मेमध्ये तीच भिंत माठासारखी काम करते: पाणी झिरपतं, उडतं आणि आतली माती गार राहते. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. दहा इंची कुंडीला सकाळी घातलेलं पाणी दुपारी चारपर्यंत संपलेलं असतं, तेव्हा दोन वेळा पाणी घालणारं कोणीतरी घरात हवं. मे महिन्यात आठवडाभर गावाला जाणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. मातीच्या कुंडीला गेरू लावा, चुन्याची वेलबुट्टी काढा, काही बिघडत नाही. ऑइल पेंट लावलात तर तिची भिंत बंद होते. मग ती फक्त एक जड आणि फुटणारी प्लास्टिकची कुंडी उरते.

प्लास्टिकची कुंडी हलकी, स्वस्त आणि पाणी धरून ठेवणारी. मेमध्ये हे पाणी धरणं उपयोगी वाटतं, पण रंग बघा. काळी कुंडी पश्चिमेच्या कठड्याला लागून असेल तर दुपारी उन्हाकडच्या बाजूची माती हात ठेववत नाही इतकी तापते. मुळांभोवतीचं तापमान चाळिशीच्या आसपास गेलं की मुळं पाणी ओढेनाशी होतात. कुंडीत ओल असूनही झाड मान टाकतं, आणि आपण आणखी पाणी घालतो. त्याच दुपारी आणखी एक फसवी गोष्ट घडते. वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि दहा सेकंदांत बुडातून बाहेर येतं. खाली पाणी दिसलं म्हणजे पोट भरलं असं वाटतं; बोट खुपसून पाहिलं तर दोन इंचांवर माती कोरडी ठाक. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवावी आणि मग कड दाबून बसवावी.

जुलैत प्लास्टिकच्या कुंडीतून पाणी जायला एकच वाट असते, बुडाचं भोक. बाजारातल्या बऱ्याच कुंड्यांना मधोमध एकच भोक असतं आणि तेही सपाट बुडाला, म्हणजे स्लॅबवर ठेवली की बंद. उपाय सोपा आहे: बुडाच्या वर बोटभर अंतरावर, बाजूच्या भिंतीला चार-पाच भोकं ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने पाडा आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवा. एवढं केलं तर प्लास्टिकवरचे माझे निम्मे आक्षेप मागे घेतो. बाकीचे निम्मे पांढरी किंवा फिकट रंगाची कुंडी घेतली की जातात. फक्त पुनर्वापराच्या पातळ प्लास्टिकची घेऊ नका. दोन उन्हाळ्यांत तिची कड हातात येते.

खाली खडी घालावी की नाही, हा वाद प्रत्येक घरात असतो. घालू नये. खडीच्या थराने निचरा वाढत नाही; पाणी खडीच्या वरच्या मातीत तुंबून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की झालं.

ग्रो बॅग

आकाराला आकार लावून पाहिलं तर हीच सगळ्यात स्वस्त, म्हणून नवी बाग बहुतेक हिच्यापासूनच सुरू होते. पण ग्रो बॅग या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक विणलेल्या प्लास्टिकची, आतून लॅमिनेशन केलेली, बुडाजवळ भोकांना कडी लावलेली. दुसरी जाड नमद्यासारख्या कापडाची.

पहिली वागायला प्लास्टिकच्या कुंडीसारखीच आहे. घेताना जाडी विचारा. २२० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या कापडाच्या, खाली जाऊ नका आणि उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का ते बघा. ती तीन-चार वर्षं जाते. शिवण आधी सुटते, कापड नंतर. भरलेली, भिजलेली पिशवी कडीला धरून ओढली की शिवण गेलीच म्हणून समजा.

कापडाची पिशवी महाग पडते, पण जुलैसाठी तिच्याइतकं चांगलं भांडं मला दुसरं दिसत नाही. पाणी चहूबाजूंनी झिरपून जातं. मूळ कापडाला पोचलं की हवेने त्याचं टोक सुकतं आणि आतून नवी मुळं फुटतात, त्यामुळे कुंडीच्या कडेने मुळं गोल-गोल फिरत बसत नाहीत. मेमध्ये ती मातीच्या कुंडीसारखीच तहानलेली असते. पाचटाचा चार बोटं थर आणि ठिबकची एक नळी, एवढी सोय असेल तर बेधडक घ्या.

दोन्ही पिशव्यांची एक खोड सारखी आहे. बूड सपाट असल्यामुळे ती स्लॅबला चिकटून बसते, खाली ओल राहते आणि ती कोब्यात मुरते. घरमालकाशी किंवा खालच्या फ्लॅटवाल्यांशी भांडण नको असेल तर विटा, लाकडी फळ्या किंवा भाजीचे जुने क्रेट खाली हवेतच. आणि वांगी-टोमॅटोसारखं उंच झाड हलक्या पिशवीत असेल तर ते कठड्याच्या आत, एकमेकांना टेकवून ठेवा. वळवाचा वारा पहिल्याच झटक्यात सगळी रांग आडवी करतो.

विटांचा वाफा, आणि वजनाचा हिशेब

चारी बाजूंनी विटा रचून आत माती भरली की गच्चीवर रान तयार झाल्यासारखं वाटतं. मेथी, पोकळा, कोथिंबीर, मुळा यांना याहून चांगली जागा नाही. मातीचं आकारमान मोठं असल्यामुळे ती मेमध्ये पटकन तापत नाही आणि पटकन वाळतही नाही.

अडचण वजनाची. लोक यावर फार सहज बोलतात, म्हणून थोडा हिशेब करू. भिजलेली माती लिटरला साधारण पावणेदोन किलो भरते. बारा इंची कुंडीत पंधरा लिटर माती धरली तर पावसाळ्यात ती पंचवीस किलोंची होते. अशा चाळीस कुंड्या म्हणजे एक टन. वाफ्यात नऊ इंच माती भरली तर चौरस मीटरला पावणेचारशे किलोंच्या पुढे जातं, विटा वेगळ्या. आणि वावर असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात धरलेला भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. यात माणसंही आली. स्लॅब लगेच पडतो असं नाही, पण इमारतीच्या हिशेबात जे नाही ते आपण वर नेऊन ठेवतो आहोत, हे खरं. कुंड्या पसरून ठेवता येतात, भिंतीच्या आणि बीमच्या वर सरकवता येतात. वाफा जिथं केला तिथंच राहतो.

त्यामुळे वाफा करायचाच असेल तर सहा इंचांचा करा आणि तो मातीने भरू नका. कोल्हापूरचेच श्रीपाद अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या अभ्यासगटांच्या चळवळीतून काडीकचऱ्यापासून माती घडवण्याचा विचार मांडला. गच्चीवर तो नेमका उपयोगी पडतो, कारण कुजलेला पालापाचोळा आणि पाचट मातीच्या निम्म्या वजनात काम भागवतात. खाली जाड प्लास्टिक, त्याला उताराकडे पाणी जायची वाट, आणि वर्षातून एकदा वाफा उकरून बघणं. पिंपळाचं बी कोब्याच्या भेगेत कधी रुजलं ते विटांच्या आड दिसत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या, भिंतींवर तोललेल्या घरांत आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या स्लॅबवर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वाफा नकोच.

राहिलेली भांडी थोडक्यात. सिमेंटची कुंडी जिन्याच्या तोंडाशी एक-दोन शोभेला ठीक. भाजीसाठी तिचं ओझं परवडत नाही. अर्धा कापलेला निळा ड्रम लिंबू, कढीपत्ता, शेवग्याला उत्तम, पण भरला की दीडशे किलोंच्या वर जातो, म्हणून तो खांबाच्या डोक्यावरच. आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचा ड्रम खाण्याच्या झाडाला वापरू नये. थर्माकोलच्या पेट्या उन्हाला चुरा होतात आणि तो चुरा गल्लीभर उडतो. फुकट मिळाल्या तरी सोडून द्या.

आत काय भरायचं

भांडं कितीही चांगलं घेतलं तरी आत नदीकाठची काळी माती भरली तर आषाढात त्याचं चिखलाचं मडकं होतं. ही माती उसाला सोनं आहे. कुंडीत मात्र ओली झाली की फुगते, पाणी सोडत नाही, आणि वाळली की भेगाळते. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती निचऱ्याला बरी.

कोकोपीटचं कौतुक जरा हात राखून करावं. पाच किलोंची वीट भिजवली की साठ लिटरच्या पुढे फुगते, हलकी असते, मेमध्ये ओल धरते, हे सगळं खरं. पण ती ओल ते जुलैतही सोडत नाही: वरून कोरडं दिसतं, तळाला गच्च. क्षार असतात म्हणून दोन-तीनदा धुवूनही घ्यावं लागतं. ते एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. त्याऐवजी आपल्या भागात सहज मिळणारी गोष्ट म्हणजे भाताचं तूस. आजरा-चंदगडकडच्या भातगिरण्यांतून ते येतं आणि माती मोकळी ठेवायला त्याला तोड नाही. एक भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एका भागात तूस व कोकोपीट मिळून, सोबत मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण दोन्ही ऋतूंत चालतं. साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, मिळालं तर वास पूर्ण जाईपर्यंत कुजवूनच वापरा. ताजं असताना ते गरम असतं. उसाचं चिपाड कच्चं घातलं तर कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात, म्हणून कच्चं फक्त वरून पसरावं.

मग घ्यायचं काय

राजारामपुरी किंवा नागाळा पार्कातला फ्लॅट, सामायिक गच्ची आणि सोसायटीची परवानगी घेतलेली, अशी स्थिती असेल तर कापडाच्या पिशव्या. हलवता येतात, उद्या आक्षेप आला तर उचलून नेता येतात. भाड्याचं घर असेल तरी तेच. पैसे कमी असतील तर जाड विणलेल्या पिशव्या घेऊन त्यांना बाजूने भोकं वाढवा.

स्वतःचं घर आहे, दिवसभर घरात कोणी ना कोणी असतं, तर मिरची, वांगी, मोगरा आणि अबोलीसाठी मातीच्या कुंड्या. त्यांच्याइतका निर्धोक पावसाळा कुठल्याच कुंडीत जात नाही. फक्त कठड्यावर ठेवू नका, एकही नाही.

घरात दोघेही नोकरीला, पाणी दिवसाआड, तर फिकट रंगाच्या मोठ्या प्लास्टिकच्या कुंड्या. बारा इंचांपेक्षा लहान घेऊच नयेत. लहान कुंडी मेमध्ये एका दिवसात कोरडी पडते. अळू आणि पुदिन्याला ओल चालते, तेव्हा भोक कमी पडणाऱ्या कुंड्या त्यांच्या वाट्याला द्या.

कुंडीखालच्या थाळ्या मात्र मृगाच्या आधी सगळ्याच्या सगळ्या खाली आणून ठेवा, कुंडी कोणतीही असो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि थाळीतलं पाणी बुडाचं भोकही बुजवतं. शेडनेट ५० टक्क्यांचं घेतलं असेल तर तेही त्याच दिवशी उतरवा. ढगाळ हवेत मिरचीला आहे तेवढाही उजेड पुरत नाही.

खरेदीला घाई नको. गणपतीच्या आधी गंगावेश आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्ल्या मूर्तींच्या कामात बुडालेल्या असतात. दसऱ्यानंतर सावकाश जा, कुंडी बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजली तर भाजलेली, बद्द वाजली तर तडा आहे. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या झाडाला चार महिने सोपी हवा मिळते आणि मार्चचं ऊन येईपर्यंत त्याची मुळं कुंडीच्या तळाला पोचलेली असतात.